सखारामची कॉइल आणि परशुरामचे तीन मीटर

"दहा मिनिटं! दहा मिनिटं पुरे आहेत मला. अकराव्या मिनिटाला सखारामच्या डोक्यातलं हे खूळ खाडीपार!"

परशुराम तांडेलने हे वाक्य उच्चारलं तेव्हा त्याच्या एका हातात चहाची बशी होती आणि दुसरा हात एखाद्या पुढाऱ्यासारखा वर गेलेला होता. समोर त्याची बायको मालू होती आणि तिच्या शेजारी पदराने डोळे पुसत बसलेल्या भीमाबाई ओव्हाळ. सखाराम हा भीमाबाईंचा नवरा आणि परशुरामचा बावीस वर्षांचा दोस्त.

साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. डोंबिवलीत तेव्हा संध्याकाळ झाली की विजेचा दाब असा काही खाली यायचा, की साठचा दिवा लागलाय का हे बघायला मेणबत्ती पेटवावी लागायची! पाणी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास. परशुराम राहायचा त्या केशरबाईंच्या चाळीत बारा बिऱ्हाडांना मिळून अंगणात एकच नळ, आणि त्या नळावर सगळ्यांच्या घरातलं सगळं सगळ्यांना कळायचं. आज तिथे सात मजली इमारत उभी आहे. घरटी चार-चार नळ आहेत आणि शेजारी कोण राहतं ते कोणाला ठाऊक नाही. असो. आठवण आली की जीव हळहळतो, म्हणून सांगितलं.

तर परशुराम आणि सखाराम दोघेही एमआयडीसीतल्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात. सखाराम वाइंडर. म्हणजे जळलेल्या मोटारीतली जुनी तार उपसायची आणि नवी तार वेढा-वेढा करून भरायची. भरून झाली की मोटार जायची टेस्टिंगच्या टेबलावर, आणि त्या टेबलामागे बसलेला असायचा परशुराम. बायकोने सांगितलं की बाहेर ऊन आहे, तरी हा आधी थर्मामीटर शोधणार, असा माणूस!

"भाऊ, तुम्हीच काय ते करा," भीमाबाई म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी राजीनामा देतो म्हणतायत. लिहून ठेवलाय, खिशात घेऊन फिरतात. स्वतः बनवलेल्या त्या यंत्राच्या धंद्यासाठी टिटवाळ्याला शेड बघून आलेत. दोन पोरी शाळेत आहेत माझ्या. नोकरी गेली तर मी काय करू?"

"पण बनवलंय काय त्याने?" मालूने विचारलं.

बनवलं होतं ते असं. सखाराम ठाण्याला एका शाळेच्या हॉलमध्ये कोणा दाढीवाल्या संशोधकाचं व्याख्यान ऐकून आला होता. व्याख्यानाचा सारांश इतकाच, की तारेची कॉइल आणि कंडेन्सर यांचा सूर एकदा जुळला की आत टाकू त्याच्या आठपट वीज बाहेर पडते. जास्तीची वीज येते कुठून? तर जमिनीतून! सरकारला हे माहीत आहे, पण सरकार सांगत नाही! त्या दिवसापासून सखाराम घरी रोज दोन-दोन तास कॉइल भरत होता. चार महिने.

"तो माझं ऐकेल," परशुराम म्हणाला. "मी फक्त मीटर लावणार. बाकी मीटर बोलेल!"

---

रविवारी सकाळी सखाराम हातगाडीवरून यंत्र घेऊन आला. लाकडी पाट, पाटावर पंख्याचे कंडेन्सर रांगेने बसवलेले आणि मधोमध ती कॉइल, वरवंट्याएवढी उंच, तांब्याच्या रंगाने झळझळणारी. वर शंभराचा एक दिवा.

"आता बघ," सखाराम म्हणाला. "कॉइलवर व्होल्ट किती? आठशे. अँपिअर? एक. आठशे एके आठशे! आणि आत किती जातेय? शंभर!"

परशुराम असा हसला की कोनाड्यातला डबा हलला.

"अरे सख्या, झोपाळ्यावर बसलेल्या पोराला तू हलकासा धक्का देतोस आणि पोरगं पार आढ्यापर्यंत जातं. म्हणजे काय तुझ्या हातात आठ माणसांची ताकद आली? गेलेलं पोरगं परत येतं ना! तशी ही वीज जाते आणि परत येते. व्होल्ट असतात तेव्हा अँपिअर नसतात, अँपिअर येतात तोवर व्होल्ट निघून गेलेले असतात. दोघांची गाठच पडत नाही आणि तू त्यांचा गुणाकार करतोस!"

"मग तू कसं मोजणार?"

"घरोघरी असतो तसला मीटर. चकतीवाला. दिवा लाव. चकती फिरली तर वीज खर्च झाली. नाही फिरली तर मी तुझा गुलाम!"

कारखान्यातून त्याने मीटर आणलेलाच होता, साहेबांची चिठ्ठी घेऊन. त्याने तो भिंतीतल्या प्लगला जोडला आणि मीटरपुढे सखारामचं यंत्र. सखारामने यंत्रातून तिसरी एक तार काढली, खिडकीतून बाहेर सोडली आणि अंगणातल्या नळाच्या पाइपाला गुंडाळली.

"ती कशाला?"

"जमिनीतली शक्ती यायला वाट नको?"

"गुंडाळ बाबा! नळाला गुंडाळ, नाहीतर केशरबाईंच्या म्हशीच्या शेपटीला गुंडाळ. मध्ये माझा मीटर बसलाय!"

बटण दाबलं. दिवा लागला. चकती फिरू लागली, गर्र गर्र, अगदी प्रामाणिकपणे. परशुरामने घड्याळ बघितलं. नऊ मिनिटं झाली होती!

सखारामने चहाही घेतला नाही. यंत्र न्यायला हातगाडीवाला थांबला नव्हता, म्हणून ते नळाच्या तारेसकट तिथेच ठेवून तो खाली मान घालून निघून गेला. परशुरामला जरासं वाईट वाटलं. पण जिंकल्याचा आनंद मोठा होता, त्याने तो दुपारी सुरमईबरोबर साजरा केला.

---

खरी गंमत सोमवारी झाली.

मालूला साड्यांना इस्त्री करायची होती. घरात प्लग एकच. तिने मीटरचा दोन पिनांचा प्लग उपटला, इस्त्री केली आणि प्लग परत खोचून ठेवला. बटण चालूच राहिलं. संध्याकाळी परशुराम दारात आला, तर ती म्हणाली, "अहो, तुमचा मीटर मेलाय वाटतं."

परशुराम चपला न काढता आत धावला. दिवा लख्ख जळत होता, उलट कालच्यापेक्षा अंमळ जास्तच. आणि चकती? चकती जागची हलत नव्हती!

त्याने मीटरवर टिचकी मारली. फुंकर मारली. चष्मा पुसून पाहिलं. चकती ढिम्म.

"मीटर अडकलाय," तो म्हणाला. मंगळवारी त्याने दुसरा मीटर आणला. बटण बंद केलं, पहिला सोडवला, दुसरा जोडला, बटण दाबलं. दिवा लख्ख, चकती ढिम्म! बुधवारी तिसरा आणला, साहेबांच्या कपाटातला, ज्याच्यावरून बाकीचे मीटर तपासतात तो. मीटरांचा आजोबाच! दिवा लख्ख, आजोबा गाढ झोपलेले!

त्या रात्री परशुराम जेवला नाही. एक मीटर खोटं बोलेल, दोन बोलतील. पण तीन? आणि तिसरा तर मुंबईहून सील होऊन आलेला!

गुरुवारी तो वेगळाच माणूस झाला होता. दाढी करताना मालूला म्हणाला, "न्यूटनकडे कुठे होता चकतीचा मीटर?"

"म्हणजे?"

"म्हणजे नियम करणाऱ्यांनी नियम करून ठेवले. मोजून कोणी पाहिलं?"

"अहो, पण रविवारी तर फिरत होती ना चकती?"

"रविवारी सूर जुळलेला नव्हता. कॉइल नवी होती. नव्या पेटीचा सूर नाही का बसायला दोन दिवस लागत?"

मालूला पेटी येत नव्हती, त्यामुळे ती गप्प बसली. शुक्रवारी संध्याकाळी परशुरामने सखारामला बोलावून घेतलं, तीन मीटरांची गोष्ट सांगितली, आणि वहीतला कोरा कागद फाडून त्यावर लिहिलं: ‘सदर यंत्र मी स्वतः तीन मीटर लावून तपासले. दिवा पूर्ण तेजाने जळतो. वीज खर्च होत नाही.’ खाली सही. सहीखाली ‘तपासले’ असा त्याचा तो कारखान्यातला, कायम खिशात असणारा जांभळा शिक्का.

सखारामने कागद हातात घेतला आणि त्याचे डोळेच भरून आले. त्याने राजीनाम्याची चिठ्ठी काढली, कागदात घडी करून ठेवली आणि दोन्ही मिळून खिशात घातलं.

"सोमवारी सकाळी देतो साहेबांना," तो म्हणाला. "तुझा कागद आहे, आता कसली भीती?"

"दे बिनधास्त! मीही दिवाळीपर्यंत येतो टिटवाळ्याला."

दाराआड मालूच्या हातातलं पातेलं पडलं.

---

इकडे अंगणात निराळंच सुरू होतं. त्याची सुरुवात केली आवडाबाईंनी. आवडाबाई म्हणजे पहिल्या खोलीतल्या, परशुरामच्याच गावाकडच्या, खाडीवर जन्म गेलेल्या. वय सत्तर, आवाज बंदरावरून होडीपर्यंत पोचेल असा, आणि गुडघे दोन्ही कामातून गेलेले. मंगळवारी पाणी भरताना त्यांनी नळाला हात लावला आणि किंचाळल्या, "आगो बाय! नलान काय तरी हाय!"

हाताला झिणझिण्या आल्या होत्या. बारीकशाच, पाय बधिर झाल्यावर येतात तशा. दुसरी कोणी असती तर लांब पळाली असती. आवडाबाईंनी गुडघाच लावला नळाला! आणि पंधरा मिनिटांनी चाळीच्या पायऱ्या कशाला न धरता चढून दाखवल्या.

मग काय विचारता! बुधवारी चाळीतले चार गुडघे आले. गुरुवारी शेजारच्या चाळीतली एक पाठ आली. शुक्रवारी थेट खडवलीहून कोणाचातरी खांदा आला, बरोबर नारळ घेऊन! केशरबाई मालकीणबाईंनी नळाला हळदकुंकू लावलं आणि पाणी भरणाऱ्यांची रांग वेगळी, दुखणेकऱ्यांची वेगळी असं जाहीर केलं. परशुरामच्या कानावर हे सगळं येत होतं. पण ज्याने कालच निसर्गाचा नियम मोडीत काढलाय, तो माणूस बायकांच्या गुडघ्यांकडे कशाला लक्ष देतो!

रविवारी दहा वाजता अंगणात जाहीर प्रयोग ठरला. यंत्र टेबलावर आणून खिडकीशी मांडलं. समोर सतरंजी. भीमाबाई दोन्ही मुलींना घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शिक्का मारलेला कागद बघितल्यापासून बाई जरा सावरल्या होत्या. भाऊंनी तपासलंय म्हटल्यावर खरंच असणार, असं त्या शेजारणीला सांगत होत्या, आणि ते ऐकून परशुरामची छाती दोन इंच वाढत होती.

"मंडळी!" त्याने सुरुवात केली. "हा दिवा बघा. ही चकती बघा. दिवा चालू, चकती बंद! ही वीज येते कुठून?"

"नलातून!" आवडाबाई रांगेतून ओरडल्या. "तुजा दिवा लागला का नलान शक्ती येते. दिवा इजला का शक्ती जाते. आमी पाच दिवस बगतो!"

सगळे हसले. परशुरामही हसला. "आवडाकाकी, पाण्यात वीज नसते हो. गुडघा बरा झाला तो तुमच्या मनाने."

"मनान? मंग लाव हात!"

"हात कशाला? शास्त्रीय पद्धतीने दाखवतो!"

असं म्हणून परशुरामने खिशातून टेस्टर काढला. तोच तो, स्क्रू ड्रायव्हरसारखा, वीज असली की मुठीत लाल दिवा लागणारा. ऐटीत चार पावलं चालत तो नळापाशी गेला, सगळ्यांकडे वळून बघितलं आणि टेस्टरचं टोक नळाला टेकवलं.

टेस्टरमध्ये लाल दिवा लागला.

परशुराम तसाच उभा राहिला. लोकांना वाटलं, हाही प्रयोगाचाच भाग आहे. दोन-चार टाळ्या पडल्या. पण त्याच्या कपाळावरून घामाचा थेंब निघून नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता. एका क्षणात त्याला सगळं उमगलं होतं.

वीज एका तारेने येते आणि दुसरीने परत जाते. मीटरची नजर त्यातल्या एकाच तारेवर असते. मालूने प्लग परत खोचला तो उलटा! त्यामुळे वीज बिननजरेच्या तारेने आत येत होती, कॉइलमधून दिवा पेटवत होती, आणि परत जाताना मीटरकडे न जाता नळाच्या पाइपातून जमिनीत पसार होत होती. तीन मीटर लावून झाले, पण प्लग जसाच्या तसा! सूर नाही, शक्ती नाही, काही नाही. साधी वीजचोरी होती! वीजचोरांची ही सगळ्यात जुनी युक्ती, आणि नव्या कामगारांना ती फळ्यावर काढून शिकवणारा मास्तर होता स्वतः परशुराम नामदेव तांडेल!

"नळापासून लांब व्हा!" तो ओरडला आणि आत धावत जाऊन त्याने प्लग उपटला.

दिवा गेला. पाठोपाठ अंगणातून आवडाबाईंचा आवाज आला, "अरं, माजा दुसरा गुडगा बाकी हाय!"

---

सखारामला त्याने खोलीत नेलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. प्लग सरळ करून चकती फिरवून दाखवली, उलटा करून थांबवून दाखवली. नळाची तार सोडली, तर उलट्या प्लगवरही चकती मुकाट्याने फिरायला लागली.  बावीस वर्षांत त्याने चुकीच्या कागदावर सही केली नव्हती, आणि केली ती नेमकी दोस्ताच्या पोटावर पाय देणारी!

"चूक माझी, सख्या. पूर्ण माझी. तो राजीनामा फाड. तुझ्या पाया पडतो, पण फाड."

बाहेर अंगणात गुडघ्यांची बाजू घेऊन केशरबाई भांडत होत्या. मागोमाग आत शिरलेल्या भीमाबाई लावलेल्या दाराला टेकून उभ्या होत्या.  सखाराम कॉइलवर हात ठेवून बसला होता.

"म्हणजे चार महिने फुकट," तो म्हणाला. "कॉइल बेकार."

"कॉइल?" परशुराम भडकलाच. "कॉइलला नाव ठेवायचं काम नाही! अरे, दोन हजार वेढे, आणि एक वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. हात फिरव, आरशासारखी लागते. असं वाइंडिंग कल्याणपासून ठाण्यापर्यंत दुसरा माणूस करून दाखवू दे, मी मिशी काढतो! तुझी मोटार टेबलावर आली ना, की मला मीटर लावायचीच गरज वाटत नाही. लावतो आपला, रिवाज म्हणून."

सखारामने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"हे तू मला आज सांगतोस?"

"सांगायचं काय त्यात? दिसतंच की!"

"मला कुठे दिसतं? मला तुझ्या रजिस्टरमध्ये एकच शब्द दिसतो. ‘ठीक.’ बावीस वर्षं झाली परश्या, ‘ठीक’! मोटार पंपाची असो, लिफ्टची असो, ‘ठीक’! मी म्हटलं, इथे मेलो तरी हा माझ्या नावापुढे ‘ठीक’ लिहील. निदान स्वतःचं एक असं काहीतरी करावं की ह्याला दुसरा शब्द लिहावा लागेल. म्हणून तर गेलेलो ना त्या ठाण्याच्या व्याख्यानाला!"

  मीटरने मोजता येत नाही अशी गोष्ट समोर आली की परशुराम अगदीच लहान होऊन जायचा.

त्याने सखारामच्या खिशातला कागद काढून घेतला. शिक्क्याच्या बाजूवर आडव्या दोन रेघा मारल्या. कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सावकाश, टपोऱ्या अक्षरात लिहिलं: ‘सखाराम ओव्हाळ यांचे वाइंडिंग उत्तम. मी पाहिलेल्यात सर्वांत उत्तम.’ खाली सही केली आणि शिक्का मारला.

सखारामने ते दोनदा वाचलं. राजीनाम्याची चिठ्ठी त्याने मागे न बघता भीमाबाईंच्या हातात दिली आणि भीमाबाईंनी ती तिथल्या तिथे टराटरा फाडली. इतकी बारीक, की पुन्हा जोडायची कोणाची टाप नव्हती!

मग सखारामने कागद उलटा केला. रेघा मारलेल्या बाजूकडे बघितलं. पुन्हा सुलटा केला.

"परश्या, ह्या बाजूलाही हीच सही आहे रे. शिक्काही हाच. मग ह्याच्यावर तरी मी विश्वास ठेवायचा कसा?"

परशुराम ओशाळून टेबलावरच्या मीटरकडे बघत राहिला.

"ठेव," तो म्हणाला. "ही बाजू मी मीटर न लावता लिहिलीय."